मदत हवी आहे: अंड्यात पिल्लू पूर्ण तयार होऊन मरतंय, दुसरी बॅच आत आहे, लवकर सांगा

उघडीमान | १२ जुलै, रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. घरीच थर्माकोलच्या बॉक्सचा इन्क्युबेटर केलाय, बल्ब आणि तो छोटा डिजिटल थर्मोस्टॅट लावून. पहिल्या बॅचला २४ अंडी ठेवली त्यातून ३ पिल्लं निघाली. फक्त तीन. बाकीची फोडून बघितली तर १६ अंड्यांत पिल्लू पूर्ण तयार, अंगावर लव, चोच, नखं सगळं आलेलं आणि मेलेलं. व्हिडिओत दाखवलं तसंच सगळं केलं होतं, टेंपरेचर ३७.७, पाणी ठेवलेलं, दिवसातून तीनदा अंडी फिरवत होतो. आता दुसरी बॅच आत आहे, २० अंडी, ही घालवायची नाहीये. आजीच्या वेळेपासूनच्या उघड्या मानेच्या कोंबड्या आहेत आमच्या, मागच्या हिवाळ्यात मानमोडी आली आणि खुराडं रिकामं झालं, एक कोंबडा आणि पाच कोंबड्या वाचल्यात. काय चुकतंय ते सांगा प्लीज.

खुडूक_कोंबडी | रात्री १०:५८
मशीन कशाला? एक खुडूक कोंबडी बघ, डालग्यात तूस नाहीतर वाळलं गवत घाल, बारा अंडी घाल खाली. एकविसाव्या दिवशी पिल्लं घेऊन बाहेर येते बघ. आमच्या आईनं आयुष्यात थर्मामीटर बघितला नाही.

उघडीमान | रात्री ११:०२
ताई खुडूक एकही नाहीये आत्ता, असती तर मशीन केलंच नसतं.

झाबुआवाला | रात्री ११:१०
गावरानच्या मागं कशाला लागता, कडकनाथ घ्या. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, अंड्याला मागणी आहे, मांसाला आहे. माझ्याकडं ६० पक्षी आहेत, कुणाला अंडी पाहिजेत तर सांगा.

घाटावरचा | रात्री ११:१६
भावा त्यानं कुठली जात घेऊ असं विचारलंय का? आणि कडकनाथ खुडूक फार क्वचित बसते हे पण सांग की, म्हणजे परत मशीनच आलं. २०१९ ला एका योजनेत पैसे भरून मी पिल्लं घेतली होती, अंडी परत घेणार म्हणालेले, नंतर फोन उचलायला कुणी नाही. तेव्हापासून कोण कडकनाथ म्हटलं की आधी हात जोडतो.

झाबुआवाला | रात्री ११:२०
योजनेचा दोष कोंबडीला का देता? कोंबडी चांगलीच आहे.

पशुधन_निवृत्त | रात्री ११:३१
बाकीचं बाजूला ठेवू. @उघडीमान, तुम्ही जे लिहिलं नाहीत तेच महत्त्वाचं आहे. १) दुसऱ्या बॅचचा आज कितवा दिवस? २) आत पंखा आहे का? ३) थर्मोस्टॅटचा सेन्सर नेमका कुठं लटकतोय? ४) ती तीन पिल्लं कितव्या दिवशी निघाली? ५) गाव कुठलं? ६) आतली दमटाई मोजताय का?

वऱ्हाडी_पोल्ट्री | रात्री ११:३८
पाणी कमी पडलं असन भाऊ. मी अकोल्याले आहो, तीन वाट्या पाणी ठेवतो आन वरून ओला स्पंज, तवा कुठं पिल्लू सुटते. कोरडं पडलं का आतला पापुद्रा पिल्लाले चिकटते आन ते हालूच शकत नाही. पाणी वाढवा.

उघडीमान | १३ जुलै, सकाळी ६:५०
सॉरी झोपलो होतो. आज सोळावा दिवस. पंखा नाही. सेन्सर झाकणाला आतून चिकटवलाय, बल्बपासून चार बोटं लांब. पिल्लं २३ व्या दिवशी निघाली. दमटाईचा मीटर नाही, दोन वाट्या पाणी असतं कायम, व्हिडिओवाल्याने दोनच सांगितल्या होत्या. गाव देवगडजवळ. वऱ्हाडी भाऊंनी सांगितलं म्हणून रात्रीच तिसरी वाटी ठेवलीये.

घाटावरचा | सकाळी ७:०५
अरे देवगड! जुलैत! काढ ती वाटी आधी. तिन्ही काढ.

वऱ्हाडी_पोल्ट्री | सकाळी ७:१२
का बरं? माह्याकडं २४ मधली १९ निघते.

पशुधन_निवृत्त | सकाळी ७:४०
दोघांचंही खरं आहे, फक्त गाव वेगळं आहे. कोकणात आत्ता बाहेर साधारण २७ डिग्री आणि हवेत ९० टक्के दमटाई धरा. तीच हवा बॉक्समध्ये जाऊन ३७.५ ला तापली की तिची दमटाई आपोआप ५० च्या आसपास येते. पहिले १८ दिवस आपल्याला ४५ ते ५५ च पाहिजे, म्हणजे पाण्याचा थेंबही न ठेवता तुमचं काम होतंय. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री आणि १५ टक्के असेल तर बॉक्समध्ये वीसच्याही खाली जाते, तिथं तीन वाट्या लागणारच.

अंड्यातून १८ दिवसांत ११ ते १३ टक्के वजन पाणी होऊन उडून जावं लागतं. ती जागा म्हणजे बोथट टोकाकडची हवेची पोकळी. पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी चोच त्या पोकळीत घालून पहिला श्वास घेतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लू पाण्यानं फुगतं, वळायला जागा उरत नाही आणि आतल्या आत गुदमरतं. फोडलेल्या अंड्यांतून पाणी निघालं होतं का? पिवळा बलक पोटात गेला होता की बाहेर?

उघडीमान | सकाळी ८:०२
हो! चिकट पाणी बऱ्याच अंड्यांत होतं, मला वाटलं नासलीत. बलक अर्धा बाहेर. तीन अंड्यांना बाहेरून चोच मारल्याचा टवका पण होता, तरी मेली. वाट्या काढल्या.

पशुधन_निवृत्त | सकाळी ८:२०
मग कोरड्यानं गेलेली नाहीत ती. कोरड्यानं जातात तेव्हा पापुद्रा पांढरा चिवट होतो, पाणी नसतं.

दुसरी गोष्ट, २३ वा दिवस. पिल्लं उशिरा निघतात तेव्हा उष्णता कमी पडलेली असते, लवकर निघतात तेव्हा जास्त झालेली असते. पंखा नसेल तर बॉक्समध्ये गरम हवा वर साचते. तुमचा सेन्सर झाकणाला, म्हणजे तो वरची हवा मोजून बल्ब बंद करतोय आणि खाली अंडी थंड. ३७.५ ते ३७.७ हा आकडा पंखावाल्या मशीनचा. बिनपंख्याच्या बॉक्सला अंड्याच्या वरच्या बाजूला ३८.३ ते ३८.८ पाहिजे. सेन्सर अंड्यांच्या डोक्याच्या पातळीवर आणा, कवचाला टेकू देऊ नका.

साईसुट्टी | सकाळी ८:४४
कोंबडा किती वर्षांचा आहे? चार वर्षांच्या वरचा असेल तर त्याला बदला, म्हाताऱ्या कोंबड्याची अंडी फळत नाहीत.

उघडीमान | सकाळी ८:५०
साडेचार आहे. पण पहिल्या बॅचला सातव्या दिवशी टॉर्चवर बघितलं तेव्हा २४ पैकी तीनच कोरी (न फळलेली) होती आणि दोनमध्ये नुसतं रक्ताचं कडं होतं, म्हणजे फळून लगेच मेलेली. बाकी १९ चालू होती.

घाटावरचा | सकाळी ८:५५
२४ मधली २१ फळलीत आणि कोंबडा बदला म्हणताय होय. त्या कोंबड्याला हात लावू नका.

आबोली | सकाळी ९:३०
मी आईला विचारलं, ती म्हणते पावसाळ्यात गडगडाट झाला की अंडी नासतात, आमच्याकडे रवणावरच्या (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीच्या टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवतात. तुम्ही मशीनमध्ये पण ठेवून बघा, नुकसान तर नाही.

साईसुट्टी | सकाळी ९:४१
खिळ्याने काय होणार आहे ताई.

आबोली | सकाळी ९:४६
मी त्यांना करा म्हटलं, तुम्हाला नाही म्हटलं.

पशुधन_निवृत्त | सकाळी १०:१५
ठेवायचा तर ठेवा, गडगडाटाने अंडं नासत नाही. पावसाळ्यात अंडी खराब होतात त्याचं मोठं कारण म्हणजे ओली, शेण लागलेली अंडी तशीच किंवा धुऊन उबवायला ठेवणं. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात. घाण अंडं उबवायला घेऊच नका. आणि साठवलेली अंडी सात दिवसांच्या आतलीच घ्या, टोकदार बाजू खाली करून, फ्रिजबाहेर.

उघडीमान | दुपारी १:२०
सेन्सर हलवला. तापाचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांमध्ये ठेवून बघितलं तर ३६.४ होतं!! इतके दिवस मी ३७.७ समजत होतो. आता वाढवून ३८.४ वर आणलंय. वजन आधी केलं नव्हतं, आता काय करू? पोकळी लहान आहे की मोठी कसं कळणार?

घाटावरचा | दुपारी १:४५
किचनचा काटा आहे का? त्याच कोंबड्यांची आजची ताजी अंडी मोज आणि आतली मोज. फरक अंदाजे कळतो.

उघडीमान | दुपारी २:३०
ताजी चार सरासरी ४८ ग्रॅम. आतली १८ (दोन कोरी काढली होती) सरासरी ४५.५.

पशुधन_निवृत्त | दुपारी ३:१०
सोळाव्या दिवशी साधारण दहा-अकरा टक्के जायला हवं होतं, म्हणजे ४३ च्या आसपास. तुमचं पाचच टक्के गेलंय. दोन दिवसांत सगळं भरून येणार नाही पण बराच फरक पडेल. पाणी शून्य. हवेची भोकं किती आहेत?

उघडीमान | दुपारी ३:१५
दोन होती. ऊब जाते म्हणून टेप लावलीये.

पशुधन_निवृत्त | दुपारी ३:१८
टेप काढा, आत्ताच्या आत्ता. तयार पिल्लाला ऑक्सिजन लागतो, शेवटच्या आठवड्यात सगळ्यात जास्त. पेन्सिलच्या जाडीची चार भोकं तरी ठेवा, दोन खाली दोन वर. वाऱ्याने बॉक्स गार पडला तर बल्ब जास्त वेळ जळेल, जळू दे.

मुंगूसमार | दुपारी ४:००
पिल्लं निघाल्यावर मुंगसाची काळजी घ्या. चिकन जाळी नको, तिच्यातून मुंगूस पाय घालतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि एक फूट जमिनीत गाडा. माझी एका रात्रीत ३१ गेली.

उघडीमान | १५ जुलै, सकाळी ७:००
आज अठरावा. फिरवणं बंद केलं. वजन ४४.४ आलंय. आता पाणी ठेवू की नको? मीटर आणलाय काल, ५३ दाखवतोय.

पशुधन_निवृत्त | सकाळी ७:३०
आता शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० पाहिजे, एकच वाटी ठेवा, आणि झाकण उघडू नका. उघडलं की दमटाई धाडकन खाली येते आणि चोच मारलेल्या पिल्लाचा पापुद्रा सुकतो. दिवसात दहादा डोकवायची इच्छा होईल, डोकवू नका.

उघडीमान | १९ जुलै, रात्री ९:१५
१२ निघाली!!! काल सकाळी पहिलं, आत्तापर्यंत बारा. एकाने चोच मारून दहा तास झाले, पुढे काहीच नाही. फोडू का?

खुडूक_कोंबडी | रात्री ९:१८
हळूच फोड आणि कोमट पाण्याचा हात लाव, मी करते.

पशुधन_निवृत्त | रात्री ९:२५
नाही. चोच मारल्यावर २४ तासही लागतात, तेवढ्यात ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या रिकाम्या होत असतात. आत्ता फोडलं तर रक्त येईल. आवाज येतोय ना आतून?

उघडीमान | रात्री ९:२७
येतोय.

पशुधन_निवृत्त | रात्री ९:२८
मग झोपा. निघालेली पण आतच राहू दे, अंग पूर्ण सुकेपर्यंत. पोटातल्या बलकावर एक-दोन दिवस सहज जातात. ब्रूडरमध्ये (पिल्लं उबेत ठेवायच्या पेटीत) पहिला आठवडा ३५ डिग्री ठेवा, मग दर आठवड्याला अडीच-तीन डिग्री कमी. आणि सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात एक थेंब, यात हयगय नको, मानमोडीनेच तुमची गेली होती. बाटली शंभर डोसची येते, शेजाऱ्यांना सांगून एकाच दिवशी सगळ्यांची द्या, बर्फात आणा.

घाटावरचा | रात्री ९:४०
अभिनंदन! उघड्या मानेची किती?

उघडीमान | २० जुलै, सकाळी ६:३०
तेरावं पहाटे चारला निघालं, स्वतःहून. तेरातली दहा उघड्या मानेची, तीन पिसांची. कोंबडा उघड्या मानेचाच आहे मग पिसांची का निघाली कळत नाही, बाहेरचा कोंबडा येत नाही आमच्याकडे.

पशुधन_निवृत्त | सकाळी ८:१०
बाहेरचा नसला तरी निघतात. कोंबड्याची मान समोरून बघा, गळ्याखाली पिसांचा छोटा झुपका आहे का? असेल तर त्याच्यात तो गुण एकेरी आहे, आई किंवा बाप एकाकडूनच आलेला. तसाच झुपका कोंबडीलाही असेल तर चारात एखादं पिल्लू पिसांचं येणारच. झुपका अजिबात नसेल तर गुण दुहेरी, तिची सगळी पिल्लं उघड्या मानेचीच निघतात, कोंबडा कुठलाही असू दे. म्हणून शेजारच्या गावातून नात्यातला नसलेला एखादा चांगला गावरान कोंबडा पुढच्या वर्षी आणायला घाबरू नका. एकाच कोंबड्यावर लेकी-बहिणी चालवत राहिलात तर दोन-तीन पिढ्यांत अंडी फळणं आणि निघणं दोन्ही कमी होत जाईल. मान जाणार नाही.

उघडीमान | सकाळी ८:४५
आत्ताच खुराड्यात जाऊन बघितलं. कोंबड्याला झुपका आहे. पाचपैकी तिघींना आहे, दोघींना अजिबात नाही, त्यातली एक आजी होती तेव्हापासूनची आहे. त्या दोघींची अंडी आजपासून वेगळ्या टोपलीत, पेन्सिलने तारीख टाकून.