कलेक्टडीतून आकड्याऐवजी मजकूर कसा पाठवायचा?

वेर्ण्याचा_सर्व्हरवाला
नमस्कार मंडळी. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. सगळीकडे कलेक्टडी (सर्व्हरचे आकडे गोळा करणारा प्रोग्राम), आलेख ग्राफाइट या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. पाऊस लागला की विजेची ये-जा सुरू. यूपीएसची स्थिती मला शब्दांत हवी आहे: 'बॅटरीवर', 'चार्ज कमी' अशी. शेल स्क्रिप्ट कलेक्टडीच्या एक्झेक प्लगिनला (बाहेरची स्क्रिप्ट चालवणाऱ्या जोडभागाला) जोडली. पुटव्हॅलमध्ये (मोजलेली किंमत पाठवण्याच्या ओळीत) आकडा दिला तर जातो, शब्द दिला की लॉगमध्ये एरर. काय राहिलंय?

फोंडेकर_काका
काही राहिलेलं नाही, तिथे शब्दांना जागाच नाही. गेज, डिराइव्ह, काउंटर, अ‍ॅब्सोल्यूट हे चारच प्रकार, चारही आकड्यांचे. शब्दांची सरासरी काढणार कशी?

त्याच स्क्रिप्टमधून पुटनोटिफ, म्हणजे सूचना पाठवण्याची ओळ, छापा. सिव्हिअरिटी (गांभीर्य), टाइम, मेसेज तिन्ही द्यावे लागतात. सिव्हिअरिटी फेल्युअर, वॉर्निंग किंवा ओके. यातलं ओके इंग्रजीत चार अक्षरी पूर्ण लिहा, दोन अक्षरी चालत नाही. मेसेजचा बफर, म्हणजे त्याला मिळणारी जागा, 256 बाइटचा. मराठी लिहाल तर यूटीएफ-8 मध्ये देवनागरीची एकेक खूण 3 बाइट खाते, काना-मात्रासुद्धा. तेव्हा आटोपशीर लिहा.

एक मात्र ध्यानात ठेवा, ही सूचना ग्राफाइटकडे जात नाही. नोटिफाय-ईमेल प्लगिन लावा, नाहीतर नोटिफिकेशन-एक्झेकने दुसरी स्क्रिप्ट चालवा. आणि एक्झेकला रूट (सर्वाधिकारी) युजर देऊ नका, तो चालवतच नाही. हो, राउटरही यूपीएसवर आहे ना? नाहीतर वीज गेल्याची मेल वीज आल्यावर वाचाल.

साखळीची_सुगरण
मी याच कारणाने झॅबिक्स हे दुसरं देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं. ट्रॅपर आयटम (बाहेरून पाठवलेली माहिती घेणारी नोंद) करायचा, प्रकार टेक्स्ट, आणि झॅबिक्स-सेंडरने पाठवायचं, पोर्ट 10051. होस्टचं नाव सर्व्हरवर जसं आहे तस्संच हवं, लहान-मोठं अक्षरही चुकवून चालत नाही. पण टेक्स्टचे ट्रेंड (तासागणिक गोषवारा) साठत नाहीत. हिस्टरीची (मूळ नोंदींची) मुदत संपली की गेलं. म्हणून यूपीएससारख्या दोन-तीन स्थितींसाठी मी आकडाच पाठवते आणि व्हॅल्यू मॅपिंगने पडद्यावर शब्द दाखवते. आलेखही मिळतो.

वेर्ण्याचा_सर्व्हरवाला
काका, पुटनोटिफ चाललं, मेल आली. आता दर दहा सेकंदांनी येतेय! साहेबांचा फोन येऊन गेला.

फोंडेकर_काका
येणारच, इंटरव्हल मुळात 10 सेकंदांचा. मागची स्थिती एका फाइलीत ठेवा, ती बदलली तरच पुटनोटिफ छापा. पुटव्हॅलचा आकडा मात्र दर खेपेला जाऊ दे, नाहीतर आलेखात भोकं पडतील.