नऊ वर्षांची वकिली सोडली. चुकलं का?

मिरजकर: सांगलीच्या कोर्टात नऊ वर्षं दिवाणी वकिली केली. दिवाळीपासून मिरजेत तंबोरे करायला शिकतोय. घरचे म्हणतात, वेड लागलंय.

वाटपाचा एक दावा होता. चार भाऊ, सव्वादोन एकर. मी ज्युनिअर म्हणून लागलो तेव्हा पुराव्याच्या टप्प्यावर होता, निघालो तेव्हाही तिथंच. मध्ये दोघं भाऊ वारले, वारस लावण्यात तीन वर्षं गेली. थोरल्याची बायको दर तारखेला एस्टीनं यायची, पिशवीत भाकरी बांधून. पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसायची आणि मी बाहेर येऊन तिला पुढची तारीख सांगायचो. एकदा म्हणाली, "वकीलसाहेब, माझ्या डोळ्यांदेखत होईल का हो?" त्या रात्री झोप लागली नाही.

मिरजेत जवारी, म्हणजे तारेला घुमारा आणणारी जुळणी, लावताना पाहिली. ज्यांच्याकडे शिकतोय त्या चाचांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस अलगद फिरवली, तारेखाली सुताचा धागा सरकवला, तार छेडली. मघाशी मुकी असलेली तार खोलीभर घुमली. केलेलं काम त्याच क्षणी ऐकू आलं. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

साताऱ्याची वकील: अजिबात पटलं नाही. त्या बाईंचं पुढं काय? कळवळा असलेले वकील उठून गेले तर मुदती मागणारे, म्हणजे तारीख पुढं ढकलणारेच उरणार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ प्रमाणे सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत, असं आहे. हरकत घेतलीत का? हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झालं, सांगलीसह सहा जिल्ह्यांची मुंबईची खेप वाचली. त्यासाठी वकिलांच्या पिढ्या रस्त्यावर उतरल्या होत्या.

मिरजकर: हरकत दर वेळी घेतली. दोनशे रुपये खर्च बसवून मुदत मंजूर. ते दोनशे हातात घेताना बाईंच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही.

पुणे ४११: मूळ दुखणं पैशाचं आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये ज्युनिअरना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती! मला महिन्याला तीन हजार मिळायचे, झेरॉक्सही त्यातूनच. पण दादा, तंबोऱ्यात तरी कुठं पैसा आहे? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कारागिरांची मुलं नोकऱ्याच शोधतात. सनद रद्द करू नका, तात्पुरती बंद ठेवा. पुन्हा सुरू करता येते.

मिरजकर: तसंच केलंय. बाईंचं वकीलपत्र माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीनं घेतलंय, कागद मी लावून दिले. पुढच्या तारखेला मी व्हरांड्यात बाईंशेजारी बसणार आहे. पैशाचं म्हणाल तर बायकोच्या पगारावर घर चाललंय, आणि ते मला रोज टोचतं. तरी सकाळी कारखान्याकडे पाय आपोआप वळतात. कोर्टाची पायरी चढताना पोटात गोळा यायचा.

साताऱ्याची वकील: बाईंना वाऱ्यावर सोडलं नाहीत, हे वाचून बरं वाटलं. तरी माझं मत तेच. दोन वर्षांनी परत या. तुमच्यासारख्याची जागा कोर्टातच आहे.