मदत हवी आहे: पेरोव्हस्काइट उत्प्रेरकावर एनओचं विघटन ३०० अंशांना होतं आणि पुढे कमी होतं, असं का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या सत्राला आहे. प्रकल्पाचा विषय: गाडीच्या धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं (एनओ) विघटन करणारा, म्हणजे तो फोडून नायट्रोजन आणि ऑक्सिजन करणारा, प्लॅटिनम न वापरलेला उत्प्रेरक. लँथनम मँगनाइट निवडलं (पेरोव्हस्काइट म्हणजे ठराविक स्फटिकरचनेची ऑक्साइडं, त्यातलंच हे एक), त्यात लँथनमच्या १० टक्के जागी स्ट्रॉन्शियम. नायट्रेट घेऊन सायट्रिक ॲसिडच्या जेल पद्धतीने केलं, ७०० अंशांना ५ तास भाजलं. (जेल पहिल्यांदा इतकं फसफसलं की अर्धं ओव्हनच्या तळाशी. दुसऱ्या वेळी मोठं बीकर घेतलं.)

चाचणीसाठी क्वार्ट्‌झच्या नळीत ०.२ ग्रॅम भुकटी, वायू मिनिटाला १०० मिली: ५०० पीपीएम एनओ, ५ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. बाहेर पडणारा वायू ऑटोमोबाइल विभागाकडून मागून आणलेल्या फाइव्ह गॅस ॲनालायझरवर मोजते. एनओ किती टक्के कमी झाला ते असं:

२५० अंश – ३८
३०० अंश – ७१
३५० अंश – ६४
४०० अंश – ४६
४५० अंश – ३०
५०० अंश – १९

३०० ला ७१ टक्के बघून आम्ही सगळे खूश. मॅडमनी पोस्टरचं शीर्षकही ठरवलं, 'कमी तापमानात एनओचं थेट विघटन'. पण पुढे आकडे खाली का जातात ते कळत नाहीये. उत्प्रेरक मरतोय म्हणावं तर थंड करून परत ३०० ला आणलं की पुन्हा ७०च्या आसपास येतो. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासतात त्यात) २५.२ अंशांवर एक छोटं जास्तीचं शिखर आहे, त्यामुळे तर नसेल? पोस्टर पुढच्या आठवड्यात आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद – भट्टीवाला

आधी शिखराचं: ते स्ट्रॉन्शियम कार्बोनेट असणार. तुझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, सोडून दे.

आता मुख्य. त्या यंत्रात एनओसाठी जो इलेक्ट्रोकेमिकल सेल असतो, तो फक्त एनओ मोजतो, एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) नाही. म्हणजे एनओ 'गेला' एवढंच तुला कळतंय, कुठे गेला ते नाही. मला वाटतं तो नायट्रोजन झालेलाच नाही, ऑक्सिजनशी जुळून एनओटू झालाय.

पुरावा तुझ्याच आकड्यांत आहे. ५ टक्के ऑक्सिजन धरून एनओ–एनओटू समतोलाचं गणित करून बघ. मी आत्ता कागदावर केलं: ३५० ला जास्तीत जास्त ६७ टक्के, ४०० ला ४७, ४५० ला ३१, ५०० ला साधारण १९–२०. तुझे ६४, ४६, ३०, १९ त्या रेषेला जाऊन चिकटलेत. ३०० ला समतोल ८४ च्या घरात आहे, तिथे अभिक्रियेचा वेगच कमी पडतोय, म्हणून ७१. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी, त्यामुळे तापमान वाढलं की समतोल उलटा सरकतो.

थेट विघटन असतं तर रूपांतर तापमानाबरोबर वाढायला हवं होतं. एनओ फुटून नायट्रोजन आणि ऑक्सिजन होणं उष्मागतिकीच्या दृष्टीने ९०० अंशांनाही सोयीचंच आहे, अडचण सगळी वेगाची. पेरोव्हस्काइटवर ते साधारण ७०० च्या पुढे दिसतं, कारण सुटा झालेला ऑक्सिजन पृष्ठभाग सोडतच नाही. त्यात तू वरून आणखी ५ टक्के ऑक्सिजन घालतेस!

प्रतिसाद – नळीतला_धूर

भट्टीवाल्यांना +१. खात्री करायला महागडं काही लागणार नाही. ऑक्सिजन बंद करून ३०० लाच चालव; थेट विघटन असेल तर एनओ तरीही कमी होत राहील, एनओटू होत असेल तर थांबेल. पहिला काही वेळ फसू नकोस, मँगनाइटच्या जाळीत जास्तीचा ऑक्सिजन असतो तो वापरला जातो. तासभर थांब. दुसरं, पाण्यातलं नायट्राइट तपासायची गुलाबी रंगाची रसायनं (सल्फॅनिलिक ॲसिड आणि नॅफ्थिल इथिलीनडायअमीन) ॲसेटिक ॲसिडमध्ये घे आणि बाहेरचा वायू सिरिंजने थोडासा त्यात सोड. एनओटू असेल तर लगेच गुलाबी. रिकाम्या नळीवरही एकदा कर.

शिवाय नायट्रोजनमध्येच चाचणी करून 'नायट्रोजन तयार झाला' हे कोणत्याही यंत्रावर दाखवता येणार नाही. सगळा एनओ फुटला तरी २५० पीपीएम, तो त्या ९५ टक्क्यांत कुठे शोधणार? हेलियम घ्यावा लागेल. आणि फ्यूम हूडमध्येच काम कर बाई, एनओटू छातीला फार वाईट.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल दोन्ही केलं. ऑक्सिजन बंद केल्यावर पहिली २० मिनिटं जवळपास तसंच, मग घसरत घसरत ४ टक्क्यांवर. आणि सिरिंजचा वायू सोडल्यासोबत द्रावण गडद गुलाबी. रिकाम्या नळीचं जेमतेम फिकट. म्हणजे सहा महिने मी एनओटू तयार करत होते. आता मॅडमना काय सांगू?

प्रतिसाद – भट्टीवाला

जे झालं तेच सांग. एनओचा एनओटू करणं हे डिझेल गाडीत हवं असलेलं काम आहे. बेरियमवर नॉक्स (एनओ आणि एनओटू मिळून) साठवायचा तर आधी एनओटू लागतो, आणि युरियावाल्या एससीआरमध्ये (युरियातल्या अमोनियाने नॉक्सचा नायट्रोजन करणारी यंत्रणा) एनओ व एनओटू निम्मे-निम्मे असले की अभिक्रिया सगळ्यात जोरात पळते. आज हे काम प्लॅटिनम करतं. २०१० साली जनरल मोटर्सच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये हेच दाखवलं होतं, की स्ट्रॉन्शियम घातलेली पेरोव्हस्काइटं या ऑक्सिडीकरणात प्लॅटिनमच्या तोडीची ठरतात. तुझ्या आलेखावर समतोलाची रेषा काढ आणि शीर्षकातला 'विघटन' शब्द खोड. परीक्षक गंधकाबद्दल विचारतील, सल्फर डायऑक्साइडने ही पेरोव्हस्काइटं लवकर खराब होतात, ते वाचून जा.

धागाकर्ती

मॅडम दोन मिनिटं गप्प होत्या, मग म्हणाल्या, "रेषा काढून आण." काढतेय. ३०० चा बिंदू तीनदा मोजून घेते.