चोराचा पाय मोडला, आता त्याचीच नोटीस आली, पैसे द्यावे लागतात का?

सुदामानगरवाली: इंदूरचे कोणी वकील असतील तर प्लीज सांगा. रात्री अडीचच्या सुमारास गच्चीच्या दारानं एक जण घरात शिरला, हातात लोखंडी टॉमी, आमच्या यांनी कपडे वाळत घालायची काठी हाणली तर तो जिन्यावरून गडगडला नि पाय मोडला. पोलिसांनी केस त्याच्यावरच केली, आमच्यावर काही नाही. आणि आता त्याच्या वकिलाची नोटीस, ऑपरेशनचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळून चार लाख द्या! सासूबाई म्हणतात, मग काय पोहे खाऊ घालायचे होते का त्याला?

रामबागचा_बंड्या: फाडून फेका हो. आणि कंपाउंडच्या तारेत करंट सोडा, भिया, परत कोणी फिरकणार नाही.

कोर्टवाले_काका: बंड्या, करंटचं खूळ काढ डोक्यातून. बिहारात एकानं आपल्या संडासाच्या वाटेवर उघड्या तारेत करंट सोडला, शेजारची बाई मेली, 1963 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा कायम ठेवली, मालमत्तेचं रक्षण वगैरे काही चाललं नाही.
ताई, नोटीस म्हणजे दावा नव्हे, पण उत्तर द्याच. न्याय संहितेची स्वसंरक्षणाच्या हक्काची 34 ते 44 कलमं (आधीची आयपीसी 96 ते 106) गुन्ह्यापुरती. पैशाचा दावा दिवाणी, तो टॉर्टच्या, म्हणजे दुसऱ्याला केलेल्या इजेच्या भरपाईच्या, तत्त्वांवर चालतो, पोलिसांनी सोडलं म्हणून दिवाणी कोर्ट बांधील नाही. स्वसंरक्षण तिथंही चालतं, शाबित झालं तर एक रुपया द्यायचा नाही, फक्त शाबित तुम्ही करायचं, आणि गरजेपुरतंच मारलं हेही. राग मानू नका, काठी बसली तेव्हा तो अंगावर येत होता की पळत होता?

सुदामानगरवाली: पहिली बसली तेव्हा अंगावरच येत होता. दुसरीच्या वेळी वळला होता बहुतेक. समोरच्यांच्या कॅमेऱ्यात जिना दिसतो.

कोर्टवाले_काका: मग ते फुटेज आजच पेनड्राइव्हवर घ्या, काही दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. सगळं भांडण त्या दुसऱ्या काठीवरच होणार. चार लाखांच्या दाव्याला रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी लागते म्हणून बरेच जण नोटिशीवरच थांबतात, अर्थात गरीब म्हणून सूट मागता येते त्याला. उत्तर स्वतः लिहू नका, वकिलाकडून जाऊ दे.

सुदामानगरवाली: जाते संध्याकाळी. पण हे म्हणतात दुसरी मारलीच नाही 🙄

कोर्टवाले_काका: मग आधी फुटेज बघा, वकील नंतर.