हाताच्या खुणेवर मशीन चालवणारं रडार: डाळ मिलमध्ये आणावं का?

धागाकर्ता, लातूर
तुरीला तेल-पाणी लावताना कामगाराचे हात बरबटलेले असतात, त्याच हातानं तो स्टार्टर दाबतो. भुश्शानं बटणं अडकतात ती वेगळीच. रडारवर हाताच्या खुणा ओळखणारी चिप आता आहे. 60 गिगाहर्ट्झच्या लहरी, लांबी फक्त 5 मिलिमीटर. हातावर आपटून परत येणाऱ्या लहरींवरून हात किती लांब आहे आणि किती वेगानं हलतोय हे कळतं. कॅमेऱ्याची काच भुश्शानं आंधळी होते, पण रडार प्लास्टिकच्या झाकणाआडून, अंधारातही काम करतं. माझ्या मते आपल्या मिलमध्ये हे यायलाच पाहिजे.

वाळूजचा मेंटेनन्सवाला
साफ विरोध. दाणे वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा अडकलाय, एक जण आत हात घालून दाणे काढतोय आणि दुसऱ्यानं कुणाला तरी "इकडं ये" म्हणून हात हलवला. रडारला ती चालू करायची खूण वाटली तर? बटण दाबलं किंवा नाही दाबलं, एवढंच असतं. खूण ओळखणारं सॉफ्टवेअर मात्र अंदाज बांधतं. बंद करायलाही ते नको. हात पट्ट्यात सापडलेला माणूस खूण कशी करणार? मशीन तातडीनं थांबवायचं लाल बटण कोपरानं, गुडघ्यानं, कशानंही दाबता येतं, आणि फिरवून सोडेपर्यंत ते दाबलेलंच राहतं.

परभणीकर
गूगलनं 2015 मध्ये 'सोली' नावानं हे दाखवलं, 2019 च्या पिक्सेल 4 फोनमध्ये घातलं. आपल्याकडं त्या लहरींना परवानगी नव्हती, म्हणून तो फोन भारतात विकलाच नाही. पुढच्या वर्षीच्या पिक्सेल 5 मधून रडार काढूनच टाकलं. खिशातल्या फोनवर जे टिकलं नाही, त्याच्या भरवशावर मिल कशी सोडायची?

अंबाजोगाईची लेक
फोनवरून सगळ्याचा निकाल लावू नका. 2021 च्या नेस्ट हबमध्ये, म्हणजे गूगलच्या घरात ठेवायच्या स्मार्ट स्क्रीनमध्ये, तेच रडार परत आलं, समोर हवेतच टॅप केल्यासारखा हात हलवला की गाणं थांबतं. माझ्या आईची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. पंख्याचं बटण फिरवताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं, हात हलवणं मात्र जमतं. आणि घरात कॅमेरा ती लावू देणार नाही. रडार चेहऱ्याचा फोटो काढत नाही, हे आमच्यासाठी फार मोठं आहे.

परभणीकर
आईंसाठी जरूर लावा. पण वाकड्या बोटांची खूण त्याला ओळखता आली पाहिजे. धडधाकट हातांवर शिकवलेलं यंत्र नेमकं तुमच्याच घरी अडेल. घेण्याआधी आईंच्या हातानं चालवून बघा.

धागाकर्ता, लातूर
मोटार चालू-बंद बटणावरच राहू द्या, तिथं वाळूजकरांचं बरोबर आहे. पण दिवे, पंखे, पोती मोजायच्या काट्याचा डिस्प्ले? काट्यावर चुकलं तर फार तर आकडा परत घ्यावा लागेल. तेवढ्यासाठी बरबटलेला हात बटणाला का लावायचा? यावर मी ठाम आहे.

वाळूजचा मेंटेनन्सवाला
काट्याला हरकत नाही. फक्त तेल-पाणी लावायच्या जागेपासून लांब बसवा. कोरड्या भुश्शाचं रडारला फारसं काही वाटत नाही, पण झाकणावर पाण्याचा पापुद्रा धरला की या लहरी त्यातच जिरतात. आणि काट्याची जुनी बटणं काढू नका.