विषय: नागपूरची ऑफर, शिफ्टिंगचा खर्च आणि ३० दिवसांची अट (अर्जंट)

मंडळी, परदेशातून नागपूरला परतायचं, मिहानच्या (विमानतळाजवळच्या उद्योग-क्षेत्रातल्या) नोकरीच्या ऑफरचं तुम्हाला माहीतच आहे. पगाराचं जमलं, आता शिफ्टिंगवर अडलंय. एचआर म्हणते सामानाचा खर्च देऊ, पण जॉइन झाल्यापासून ३० दिवसांत ओरिजिनल बिलं द्या, नाहीतर क्लेम बाद. आता कंटेनर बोटीने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरणार, तिथून रेल्वेने नागपुरात अजनीच्या कंटेनर डेपोत, मग कस्टम्स, मग घर. शेवटचं बिल ३० दिवसांत येणार कुठून? शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचंय. कोणी ही अट बदलून घेतलीय का?
छोटू

---

छोटू, ३० दिवस बिलकुल मानू नको. आणि ९० पण मागू नको, ते ६० वर आणतील आणि बोट लेट झाली की पुन्हा तेच. मुदत जॉइनिंगपासून नाही, सामान घरी पोचल्यापासून मोजा असं लिही. माझा कंटेनर अजनीला येऊन पडला, एका सहीसाठी कागद अडकले आणि डेपोचं भाडं रोज चढून राहिलं होतं, कंपनी म्हणे हे आमच्या यादीत नाही. कोटेशनवर डोअर टू डोअर लिहिलं असलं तरी कस्टम ड्यूटी, डेपोचं भाडं आणि कंटेनर उशिरा परत गेल्याचा दंड मूव्हर बहुतेक वेगळे लावतात. तिन्ही गोष्टी नाव घेऊन ऑफर लेटरमध्ये टाकून घे, फोनवरचं हो काही कामाचं नाही.
बंडूभाऊ

---

पण इतकं सामान न्यायचंच काहून? इथला मिक्सर, मायक्रोवेव्ह ११० व्होल्टचा, तिकडे २३०. सरळ एकरकमी पैसे मागा. आम्ही तेच केलं, खामल्यात घर मिळेपर्यंतचं हॉटेल, डिपॉझिट, कूलर सगळं त्यातच निघालं आणि बिलं जपायची कटकट नाही.
मोठी वहिनी

---

वहिनी, एकरकमी पैसे पगारात धरतात, टीडीएस (कर) कापूनच हातात येतात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला ते परवडते का? त्यापेक्षा मूव्हरचं बिल कंपनीनेच परस्पर भरावं, म्हणजे आधी आपल्या खिशातून घालायची गरज नाही. पुस्तकं आणि आईची शिलाई मशीन मी तर नेलीच असती, सगळं पैशात मोजता येत नाही.
बंडूभाऊ

---

मूव्हर कंपन्यांची नावं या मेलच्या लिस्टवर टाकू नका, आपल्या कमिटीत ठरलेलं आहे. शिफ्टिंगची फाईल माझ्याकडे असते, ज्याला पाहिजे त्याने मला मेल करावा, आपापल्या वेगळ्या याद्या कृपया फिरवू नयेत.

छोटू, दोन गोष्टी. सामान सोडवायला तू स्वतः भारतात पोचलेला पाहिजे आणि पासपोर्ट लागतो, त्यामुळे कंटेनर खूप आधी पाठवलास तर तो तिथे भाडं खात बसेल. दुसरं म्हणजे वर्षाच्या आत नोकरी सोडली तर खर्च परत, हे कलम असेलच. ते दर महिन्याला बाराव्या हिश्शाने कमी होत जाईल असं करून घे. अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याकडून पूर्ण पैसे मागणं अन्यायाचं आहे, आणि हे बहुतेक कंपन्या मान्य करतात, फक्त मागावं लागतं.
खजिनदार काका

---

पोरांच्या शाळेचं पाहिलं का रे? विदर्भात स्टेट बोर्डाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, पुण्यामुंबईसारखं नाही. मे महिन्यात लेकरं घेऊन त्या उन्हात घरं पाहत फिरू नका. तू एकटा जॉइन हो, त्यांचं तिकीट मागाहून काढ, पण ते मागाहूनचं तिकीटही कंपनी देईल हे आत्ताच लिहून घे.
धरमपेठच्या काकू

---

सगळ्यांचे आभार. काल एचआरशी बोललो. सामान पोचल्यापासून ३० दिवस, हे मान्य झालं. परतफेडीचं कलम महिन्यागणिक कमी होणार, तेही. काकू, तिकिटं मागाहून चालतील म्हणाली, ईमेलवर घेतलंय. डेपोच्या भाड्यावर मात्र अडून आहे, म्हणते असा खर्च कधी ऐकलाच नाही. बंडूभाऊ, तुमच्या अजनीच्या पावत्या असतील तर तुमचं नाव-पत्ता झाकून आजच पाठवता का? उद्या सकाळी तिला दाखवतो.
छोटू