'इन द एअर टुनाइट': बुडालेला माणूस आणि टांगलेला माइक

ठोकाठोक: ब्रिटिश गायक-ड्रमवादक फिल कॉलिन्सच्या या गाण्यामागची ती कथा आता पुरून टाका. एक जण बुडतोय, दुसरा न वाचवता काठावर मजा बघतोय, मग कॉलिन्सच्या मैफलीत त्या बघ्यावर प्रकाशझोत! घटस्फोटाच्या संतापात तोंडाला येतील ते शब्द गायलो, असं कॉलिन्स स्वतः सांगत आलाय. 2000 साली रॅपर एमिनेमने 'स्टॅन' या गाण्यात ती कथा घेतली आणि तिला परत पालवी फुटली. पण 'ड्रमचा तो घुमून अचानक तुटणारा आवाज अपघाताने सापडला' हीसुद्धा निम्मी दंतकथाच.

कानोसा: अजिबात नाही, अपघातच होता. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएलच्या 1980च्या अल्बमचं काम सुरू होतं; तो आवाज तिथला, या गाण्यात नंतर आला. छताचा माइक फक्त वादकांचं बोलणं काचेपलीकडे पोचावं म्हणून. कुजबुजही कळावी यासाठी त्यावर जबर कॉम्प्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं यंत्र). कॉलिन्स वाजवत असताना ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगमने (आडनावातच पडघम!) त्या माइकचं बटण दाबलं. यात योजना कुठाय?

ठोकाठोक: बटणापुरता अपघात, कबूल. पण तो माइक रेकॉर्डच होत नव्हता. मिक्सिंग डेस्कचं वायरिंग बदलून घ्यावं लागलं. गॅब्रिएलला सिंबल (ड्रमसोबतच्या झांजा) नकोच होते, तेही पथ्यावर पडलं. कॉम्प्रेसर सिंबलची शेपूट वर उचलतो, गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो तोडणारं यंत्र) मिटत नाही आणि नुसती फसफस उरते. घरी करून बघा. खोलीच्या माइकवर आधी कॉम्प्रेसर, मग गेट. गेट उघडायचा तो स्नेअर या करकरीत आवाजाच्या ड्रमजवळच्या माइकच्या इशाऱ्यावर, नाहीतर किकलाही (पायाने वाजवायच्या ड्रमलाही) उघडतो. होल्ड (गेट उघडा राहण्याचा वेळ) 200 मिलिसेकंदांपासून सुरू करा. गाणं 95 बीपीएमच्या (मिनिटाला 95 ठोक्यांच्या) आसपास, म्हणजे अर्धा ठोका साधारण 315 मिलिसेकंद. त्यापलीकडे गेलात की पुढच्या ठोक्यावर चिखल. रिलीज (गेट मिटायला लागणारा वेळ) मात्र अगदी आखूड. लांबवला की तो साधा रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) झाला.

खालीभरी: दोघंही गेटवर अडलात. ते टॉम (जाड आवाजाचे ड्रम) येतात सुमारे 3:40ला! तोवर रोलंड सीआर-78 या ड्रम मशीनची टिकटिक आणि सिंथचे लांब सूर. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या अहमेट एर्टेगनला ही वाट बघणं पटलं नाही, म्हणून सिंगलमध्ये (सुट्या विकलेल्या रेकॉर्डमध्ये) आधीपासूनच जादा ड्रम घातले. अल्बममधलं आणि सिंगलमधलं, दोन्ही लागोपाठ ऐका. आवाज तोच, पण सिंगलमध्ये दणका निम्मा.

कानोसा: तरीही ब्रिटनमध्ये तेच सिंगल दुसऱ्या क्रमांकावर गेलं की.

खालीभरी: गेलं ना. ठेका आधीच दिल्यावर पाय लवकर हलतात, एर्टेगनचा धंदा तोच होता. पण अंगावर काटा यायला आधी तीन मिनिटं रिकामी लागतात.